पाहुण्यांचं आधी होऊ दे

मोठा दिवा मालवा रे, स्वयंपाकघरातला छोटा पुरे. आणि रुद्र, हसू नकोस. ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करतोस म्हणून घाबरायला मनाई आहे का? ही कुणाच्या मामेभावाच्या मित्राची गोष्ट नाही. आत्माराम आमच्या नेकारसुल्मचा, माझ्या घरी जेवलेला माणूस. त्याच्या तोंडून जे ऐकलं तेच सांगतो, पदरचं काही नाही.

गेल्या साली, म्हणजे २००८च्या ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. इथे जर्मनीत घड्याळं तासभर मागे करतात ना, ती रात्र. लक्ष्मीपूजन तीन दिवसांवर आलं होतं. भात अर्धा शिजला आणि सिलिंडर संपलं, म्हणून आत्माराम गाडी काढून गावातल्या पेट्रोल पंपावर नवीन आणायला गेला होता.

आता तुम्ही विचाराल, घर कुठे होतं? घर नव्हतंच. गडी साठीला टेकलेला. एका विमा कंपनीचा जुनाट प्रोग्रॅम तो सांभाळायचा. दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून साहेब म्हणाला, कुठूनही काम कर, पण नोकरी सोडू नकोस. झालं! यानं भाड्याचं घर सोडलं आणि जुना वोनवागन घेतला, गाडीमागे ओढायची ती चाकांवरची खोली. लॅपटॉपला इंटरनेटचं कार्ड खोचलं, निघाला. आज मोझेल नदीकाठी, उद्या आयफेलच्या डोंगरात. "फ्रायहाइट, शिरीष, फ्रायहाइट!" असं मला फोनवर ओरडायचा. स्वातंत्र्य म्हणे!

आणि स्नेहलतावहिनी? त्यांना कोणी विचारलं होतं? ज्या बाईच्या पुण्याच्या घरी आणि नंतर नेकारसुल्मलाही पाहुण्याशिवाय एक पंगत कधी उठली नाही, तिला यानं तळ्याकाठी नेऊन ठेवलं. मला याचा अजून राग येतो. त्या दिवशी सकाळीच त्या म्हणाल्या होत्या, "अहो, दिवाळीला तरी ईप्सिताकडे कोलोनला जाऊ या. फराळाचे डबे भरलेत, पण खायला कोणी नाही." ईप्सिता त्यांची लेक. आत्माराम म्हणाला, "महिनाअखेरचं काम होऊ दे, मग जाऊ." त्यांनी डबे परत फडताळात ठेवले. ते त्याला दिवसभर टोचत राहिलं.

कँपिंगचा हंगाम संपला होता. तळ्याकाठच्या जागेच्या मालकानं ओळखीनं महिनाभर राहू दिलं होतं, पण नळ आणि वीज सोडली तर तिथे दुसरं काही नव्हतं. बाकी सगळ्या जागा रिकाम्या. तळ्यावर धुकं.

साडेसातला तो परतला. सिलिंडर जोडलं. भात झाला, आमटी झाली. छोट्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाकं, समोरासमोर बसून दोघांनी पहिला घास घेतला.

टक. टक.

पत्र्यावर दोनदा वाजलं, दाराशीच.

आत्माराम "वेअ इस्ट दा?", कोण आहे, असं विचारणार, त्याआधीच वहिनी बोलून गेल्या, "या, जेवायला या!"

जन्मभराची सवय. जेवताना कोणी दारात आलं की आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? त्याला हसू आलं. "इथल्या माणसाला काय कळणार तुझं मराठी?" म्हणत आत्माराम उठला. दार उघडलं.

कोणी नव्हतं.

चिखलात त्याच्याच बुटांचे ठसे होते. त्यानं दार लावून घेतलं.

आणि वोनवागन कलला.

पोरांनो, तुम्ही त्यात राहिलेले नाही. बाहेरून कोणी पायरीवर पाय ठेवला की सगळी खोली त्या बाजूला जराशी झुकते. तशी झुकली. मग सावकाश सरळ झाली. मग बाक करकरलं. आत्माराम ज्यावर बसला होता, ते.

तो वळला. वहिनींनी त्याचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं होतं. त्या जागी नवीन ताट मांडत होत्या, पाण्याचं भांडं भरत होत्या.

"हे काय?"

"तुम्ही जरा थांबा. पाहुण्यांचं आधी होऊ दे."

"कोण पाहुणे? स्नेहल, थट्टा पुरे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाहुण्यांसमोर नवऱ्याला दटावतात, तसं. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून हसल्या. किती महिन्यांनी हसल्या होत्या. "सावकाश होऊ द्या हं," म्हणाल्या. "काही घाई नाही."

त्या वाढत होत्या. भात. आमटी. पुन्हा भात. ताटातला ढीग वाढत नव्हता.

आत्मारामनं त्यांचा हात धरला. गार होता.

"चल. आत्ताच्या आत्ता ईप्सिताकडे जाऊ."

"अहो, असं काय करता? कोणी जेवत असताना उठू कशी मी?"

त्यानं ओढलं. ती एवढीशी बाई, जागची हलेना. पातेलं हिसकावलं, तर तिनं असं बघितलं की त्यानं ते परत ठेवलं. फोन लावला. रेंज नव्हती.

चालत्या वोनवागनमध्ये माणूस बसवायला इथे बंदी आहे. आत्माराम रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस. पण त्याला एकच कळत होतं, हिला माणसांत न्यायचं. आत्ता. उशीर झाला होता, तरी न्यायचं.

तो बाहेर पडला. वोनवागनचे टेकूचे पाय वर घेतले, विजेची वायर काढली, गाडी मागे घेऊन लावली. एरवी एकटा ओढून जोडायचा. आज खोली पुढे सरकेना. ढोपरं चिखलात घासली, तेव्हा कुठे कडी बसली.

निघाला.

रस्ता जंगलातून वळणावळणाचा. आरशात मागच्या खोलीची पुढची खिडकी दिसत होती. आत बॅटरीवरचा दिवा. वहिनींचा हात दिसत होता. वर... खाली... वर... खाली. वाढत होत्या.

गाडी चढाला रडत होती. दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना.

"आलंच कोलोन, स्नेहल," तो मोठ्यानं म्हणाला. "आलंच. तू म्हणशील त्या घरात राहू. रोज दहा माणसं जेवायला बोलाव."

वर... खाली...

मग हात वर गेला, आणि...

खाली आला नाही.

त्याच क्षणी गाडी एकदम पुढे उसळली. मागचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तशी.

त्यानं कचकन ब्रेक मारला. कुठे थांबलो, कसा थांबलो, काही आठवत नाही म्हणाला. पळत मागे गेला. दार उघडलं.

वळणांनी आतलं सगळं खाली आलं होतं. डबे, कप, लॅपटॉप. जमिनीवर चकल्यांचा चुरा. वहिनी बाकावर बसलेल्या, भिंतीला टेकून. हातात डाव. चेहरा शांत, पंगत उरकल्यावर असतो तसा.

आत्माराम त्यांच्याजवळ बसून राहिला. हाका मारत राहिला. पहाटे एका ट्रकवाल्यानं पाहिलं, तेव्हा पोलीस आले, डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. असेल.

पण पोलीस यायच्या आधी आत्मारामनं टेबल पाहिलं होतं. एवढ्या वळणांत समोरचं ताट जागचं हललं नव्हतं. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ.

आणि एक. तुमच्या आजोबांना करताना पाहिलं असेल तुम्ही. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला भाताची शितं ठेवायची. चित्राहुती. वहिनी कधी घालत नव्हत्या, बायका घालत नाहीत. आत्मारामनं मुंजीनंतर वर्षभरात सोडून दिलं होतं.

त्या ताटाभोवती पाण्याची गोल रेघ होती, अजून ओली. आणि उजव्या बाजूला ओळीनं मांडलेली भाताची शितं.