निळी टोपी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे घडलं माझ्या मामेबहिणीच्या, सावनीच्या बाबतीत. साल २०१६, एप्रिल महिना. जागा, क्रांती चौकाजवळचं तिचं डीटीपीचं दुकान. आणि वेळ भर दुपारची, अडीच ते तीनची.

त्या वर्षी शहराचे हाल तुम्हाला आठवत असतील. बीड बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या आणि नळाला मात्र चार-चार दिवस पाणी नव्हतं. टँकरचा भोंगा वाजला की लोक हातातलं काम टाकून धावायचे.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. असंच एकदा कपाट आवरताना सावनीला एक जुनी सीडी सापडली.

वर पेनानं लिहिलं होतं... ‘आपला खेळ. हात लावू नये.’

अक्षर राजनंदिनीचं होतं.

राजनंदिनी देवगाव रंगारीची. शेतकऱ्याची पोर, पण टायपिंगला बिजली. १९९९ मध्ये दोघी एकाच दुकानात कामाला होत्या, दोघीही बाविशीच्या. जेवणाच्या सुट्टीत एकाच कीबोर्डवर दोघी हा खेळ खेळायच्या. काळोखा किल्ला, जागोजागी खड्डे, त्यातून धावणारी दोन माणसं. लाल टोपी सावनीची, उजवीकडच्या बाणांवर. निळी टोपी राजनंदिनीची, डावीकडच्या अक्षरांवर.

“सावने, हे तर आपलं दौलताबादच हाय की गं!” असं म्हणून ती खिदळायची.

मग एके दिवशी ती आलीच नाही. आठवड्यानं तिचा थोरला भाऊ बद्रीनाथ आला आणि तिची पिशवी घेऊन गेला. “लगीन झालं तिचं,” एवढंच म्हणाला.

सावनीला राग आला होता. सांगितलंसुद्धा नाही म्हणून.

सतरा वर्षांनी ती सीडी हातात आल्यावर तिला राहवलं नाही. पण नव्या संगणकानं साफ नकार दिला. हा प्रोग्रॅम इथं चालणार नाही म्हणे. शेवटी तिच्या नवऱ्यानं, मिहिरनं, जुन्या संगणकाची नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. तरी खेळ असा सुसाट पळायचा की डोळ्याची पापणी लवेपर्यंत लाल टोपी मेलेली. आवाज तर मुळीच नाही. चार दुपारी खटपट करून सावनीनं वेग कमी कमी करत आणला.

पाचव्या दुपारी खेळ नीट चालला.

तिनं ‘एक खेळाडू’ निवडलं.

पडद्यावर मात्र... दोघं उभे होते.

लाल आणि निळा.

सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असेल, असं तिला वाटलं. ती लाल टोपी घेऊन पुढं निघाली. निळी जागेवरच राहिली. पहिला खड्डा पार करून तिनं सहज मागं पाहिलं...

निळी टोपी चालत येत होती.

सावनीनं दोन्ही हात वर उचलले. डावीकडची एकही कळ दबलेली नव्हती. तिनं कीबोर्डची वायर उपसली.

निळी टोपी चालतच राहिली.

खड्ड्यापाशी आली. थांबली. दोन पावलं मागं सरकली. आणि मग उडी मारली.

सावनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. उडीआधी दोन पावलं मागं सरकायची खोड एकाच माणसाला होती.

तिनं मिहिरला फोन लावला. “तूच काहीतरी करून ठेवलंयस ना? खरं सांग.”

“अगं, मी कशाला करू?”

तिला पटलं नाही. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दुपारी तो स्वतः दुकानात येऊन बसला. इंटरनेटची वायर त्यानं आपल्या हातानं काढली. कीबोर्ड काढून टेबलाखाली ठेवला.

निळी टोपी आली. दोन पावलं मागं, उडी. दोन पावलं मागं, उडी. पाचव्या खड्ड्यापाशी मात्र ती मागं सरकली नाही.

सरळ आत गेली.

त्या खड्ड्यात पडलं की डाव संपतो. तो संपला नाही. निळी टोपी तळाशी तशीच उभी राहिली. आणि आवाज नसलेल्या त्या खेळातून... दोघांनीही ऐकलं...

पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज.

मिहिरचा चेहरा पांढराफटक पडला. “सावनी, तुझी ही मैत्रीण आता कुठं असते?”

लग्नानंतर तिची काहीच खबर नव्हती.

देवगावच्या एका ओळखीच्याकडून तिनं बद्रीनाथचा नंबर मिळवला. “ती सुरतला हाय. लई सुखात हाय,” तो म्हणाला. तिचा नंबर मागितला तर म्हणाला, “ताई, इतक्या वर्सांनी कशाला पायजे?” आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी, दोघं गाडी काढून देवगावला गेले. बद्रीनाथ घरी नव्हता. त्याची आई, सारजाबाई, ओसरीवर धान्य निवडत बसली होती.

“मावशी, मी सावनी. राजनंदिनीची मैत्रीण. कुठं दिलीय तिला?”

“नाशकाला,” म्हातारी खाली मान घालून म्हणाली.

भाऊ म्हणतो सुरत. आई म्हणते नाशिक.

“आम्ही जो खेळ खेळायचो ना, तो परत चालू केलाय. तिला दाखवायचा होता,” सावनी म्हणाली.

सारजाबाईचे हात थांबले. मग ती पुन्हा धान्य निवडू लागली.

निघताना मिहिरनं रस्त्यावरच्या कडुबा नावाच्या शेजाऱ्याला पाणी मागितलं. त्यानं तांब्या दिला आणि उगाच विषय निघाल्यासारखं म्हणाला, “समदं गाव विहिरी खोल करायलंय, साहेब. जिकडं बघाल तिकडं दगडमाती वर वढायला यारी लावलेली. अन् ह्या बद्रीनाथची विहीर आटली, तळ दिसाया लागला, तर ह्यानं मुरूम टाकून बुजवली! सोळा ट्रॅक्टर.”

“कधी?” सावनीनं विचारलं.

“झाले असतील बारा-तेरा दिस.”

तिच्या फोननंतर दोन दिवसांनी.

सावनी गाडीत जाऊन बसली. मिहिर गाडी सुरू करणार, तेवढ्यात काचेवर टकटक झाली...

सारजाबाई. अनवाणी. त्या उन्हात धापा टाकत आलेली.

सावनीनं काच खाली केली. म्हातारीनं आत हात घालून तिचं मनगट धरलं. इकडंतिकडं पाहिलं. आणि हळूच विचारलं,

“त्या खेळात... ती दिसती का गं?”

निळी टोपी आपोआप चालते, हे सावनीनं तिथं सांगितलंच नव्हतं. एक शब्दही नाही.

“दिसते,” ती म्हणाली.

“एकलीच असती?”

“नाही मावशी. मी असते ना.”

म्हातारीनं मान हलवली. डोळ्यांत टिपूस नव्हता. “मंग बंद नको करू, बाई,” म्हणाली, आणि वळून चालू लागली.

सावनीनं ठाण्यात अर्ज दिला. विहीर उकरून बघा, असं स्वच्छ लिहून दिलं. त्यावर अजून काही झालेलं नाही. सारजाबाई पुढच्याच वर्षी गेल्या. बद्रीनाथ गावातच आहे.

तेव्हापासून सावनीनं दोनदा संगणक बदलला. दर वेळी दुकानाच्या कामाआधी तिनं तो खेळ चालू करून घेतला. मिहिर आता तिला काही म्हणत नाही.

मी एकदाच पाहिलं. भर दुपारी, दुकानाचं शटर सताड उघडं असताना. पाचव्या खड्ड्याच्या तळाशी निळी टोपी उभी होती. मान वर करून... आमच्याकडं बघत.

मी सावनीला विचारलं, “ही मान कुठल्या कळीनं वर होते?”

ती म्हणाली, “या खेळात तशी कळच नाही.”