पोटाशी धरलेला घड

नशिराबादजवळ केळीचा ट्रक भरत होता. भाविका स्कूटी हळू करून बाजूने निघाली, इतक्यात वरच्या थरातला एक घड निसटला.

"ए भो, सांभाळ!" ट्रकवर घड रचणारा वना ओरडला.

एका उंच तरुणाने अंग झोकून दिलं, घड पोटाशी घेतला आणि तिच्या चाकासमोर लोळला. एकही केळं सुटलं नाही. भाविका बघतच राहिली. शरीरातलं हाड न् हाड तिला पाठ होतं. पण शरीर असं उडतं, हे ती आज पाहत होती.

तो उठला आणि... उजवा गुडघा लचकला.

"हलू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"मग आधी घड तपासा," तो हसला. "डाग पडला तर आबा मला घरात घेणार नाहीत."

तो हितेंद्र, केळीबागवाल्या आबांचा मुलगा. कबड्डी खेळताना त्याला अमेरिकेतल्या एका संघाने हेरून नेलं होतं, चेंडू हातात धरून पळायच्या त्यांच्या फुटबॉलसाठी. तिथे तो एकच सामना खेळला.

"चेंडू हातात आला," भाविकाच्या जळगावच्या दवाखान्यात तो सांगत होता. "चहूकडे बघणारी माणसंच माणसं, सगळी उभी... मी पळालो. मग बाजूने धडक, याच गुडघ्यावर."

"आणि चेंडू?"

"सोडला नाही."

ती गुडघा तपासायला वाकली.

"संघाने पुन्हा निवड चाचणीला बोलावलंय. तुम्ही हो म्हणालात तर जाईन."

तिने नडगी हलकेच पुढे ओढली. ती सरकू नये इतकी सरकली; आतला बंध तुटल्याची खूण. भाविकाने हात मागे घेतला. "धुळ्याला माझे सर आहेत. त्यांना दाखवू."

सरांनी गुडघा पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "चालशील, शेती करशील. तो खेळ मात्र संपला."

बाहेर पटांगणात हितेंद्र थांबला. मग म्हणाला, "तुम्हाला जळगावलाच कळलं होतं ना? मग इथवर का आणलंत?"

"कारण तुम्ही जाऊ नये, असं मला वाटत होतं... म्हणून माझ्याच बोटांवर विश्वास बसेना."

तो तिच्याकडे पाहत राहिला. डोळे भरलेले, तरी ओठांवर हसू. पिशवीतून त्याने त्या खेळाचा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काढला, चार पावलं मागे गेला.

"धर!"

तिने तो घडासारखा पोटाशी धरला. "आता?"

"आता पळायचं. तिकडे, मोकळ्या मैदानात."

ती पळाली—सरळ त्याच्याकडे.

"अगं, चुकीच्या बाजूला येतेयस!"

"नाही," धापा टाकत ती म्हणाली. "या वेळी पक्की खात्री आहे."