बाई, धरलंय ना?

सांगलीच्या त्या व्यायामशाळेत गेल्या आठ वर्षांत एकही मूल पडलं नव्हतं. सकाळच्या वर्गाला तेरा मुलं यायची, गप्पा मारत बीमवर चढायची आणि वीतभरही रुंद नसलेल्या त्या लाकडी दांड्यावरून बाजाराला निघाल्यासारखी चालत जायची. पाय घसरलाच, तर कमरेचा तोलपट्टा बारीक गुणगुणायचा, त्याच्या आतलं इवलंसं चक्र गरकन फिरायचं आणि मूल जागच्या जागी सरळ! शिकवणाऱ्या शालनबाई मगदूम बाजूला नुसत्या उभ्या असायच्या, एखाद्या पाहुणीसारख्या.

तोलपट्टा बाजारात आला तेव्हा लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मुलं जिन्यावरून पडेनात, सायकलवरून पडेनात. आणि त्या पट्ट्याला सावरायचं कसं, हे शिकवलं होतं शालनबाईंच्याच हातांनी. कंपनीनं त्यांना संवेदक बसवलेले हातमोजे दिले होते. दीड वर्ष ते घालून बाईंनी मुलांना आधार दिला. तळहात कधी पुढे गेला, किती जोर लावला, सगळं नोंदलं गेलं. हात कधी काढून घेतला, हेही नोंदलं गेलं होतं. पण तेवढा भाग कंपनीनं चूक समजून गाळून टाकला, हे बाईंना फार उशिरा कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण शिकवण्याची सगळी खुबी त्या काढून घेण्यातच होती. डोळे मिटून बीमवर चालताना प्रत्येक मूल विचारायचं, "बाई, धरलंय ना?" बाई म्हणायच्या, "धरलंय." त्यांचे दोन्ही हात तेव्हा पाठीमागे असायचे. तीस वर्षं त्या हे खुशाल खोटं बोलल्या, आणि त्याच खोट्यावर मुलं चालायला शिकली.

मग मिरजेच्या एका डॉक्टरांनी तपासणीसाठी पट्टे काढायला लावले. डोळे मिटताच तेराच्या तेरा मुलं भुईवर.

"कानातली तोल सांगणारी वळणं शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांचं ऐकायला मेंदू शिकलाच नाही. त्याचं काम पट्टा करत होता. सात वर्षांच्या आत शिकला तर शिकला."

"आणि नंतर?" बाईंनी विचारलं.

"नंतर जन्मभर पट्टा. अंघोळीलासुद्धा कुणीतरी धरायला हवं."

बारा मुलांची सात वर्षं उलटून गेली होती. त्यांच्या आईबापांना डॉक्टरांनी सांगितलं; मुलांना सांगायचं काम मात्र कुणीच अंगावर घेतलं नाही. उरली एकटी ऋजुता. तिच्या वाढदिवसाला एकोणीस दिवस होते.

ऋजुताची आई अवनी लहानपणी बाईंकडेच शिकलेली. नऊ वर्षांची असताना ती बीमवरून पडली, डावं कोपर मोडलं आणि तो हात अजून पुरता सरळ होत नाही. दुधानं तोंड पोळलेली अवनी ताक फुंकून पिणारच.

"डॉक्टर काहीही म्हणोत, पट्टा काढायचा नाही, बाई," तिनं बजावलं. "तेव्हाही तुम्ही 'धरलंय' म्हणाला होता. मी विसरले नाही."

तरीही दुसऱ्या दिवसापासून त्या वर्ग संपल्यावर ऋजुताचा पट्टा चोरून काढू लागल्या. आधी गादीवर नुसतं पडायला शिकवलं, कारण हात टेकावेत हेसुद्धा त्या पोरीला ठाऊक नव्हतं; ती थेट तोंडावर आपटायची. गुडघे वाकव, हनुवटी छातीला लाव, कोलांटी घे. मग जमिनीवर आखलेल्या रेघेवरून डोळे मिटून चालणं. बारा दिवस गेले, तरी तीन पावलांपुढे काही जमेना. आणि खरं सांगायचं तर बाईंचाच हात तिच्या पाठीवरून निघत नव्हता. आपल्यात आणि पट्ट्यात फरक तो काय उरला, असं वाटून त्यांना स्वतःचाच संताप यायचा.

तेराव्या दिवशी अवनी लवकर आली. मुलं भिंतीशी बूट चढवत होती. पट्टा बाकावर पडलेला आणि लेक रेघेवर उभी, हनुवटी सोललेली.

"बाई!" तिनं धावत जाऊन पट्टा उचलला.

"हवं तर मार मला, अवनी," शालनबाईंनी हात जोडले. त्यांना रडू आवरेना. "पण सहाच दिवस राहिलेत गं. सहाच!"

"आई, थांब की," ऋजुता म्हणाली. "मी चालून दाखवते."

तिनं डोळे मिटले, हात पसरले. बाईंनी तळहात तिच्या पाठीला लावला. एक पाऊल. दोन. तीन.

"बाई, धरलंय ना?"

बाईंचा हात काही निघेना. अवनीनं ते पाहिलं. मग तिनं पट्टा खाली ठेवला, आपल्या वाकड्या हातानं बाईंचं मनगट धरलं आणि ते लेकीच्या पाठीवरून अलगद बाजूला केलं.

"धरलंय, बाळा," ती म्हणाली. "चाल."

चौथं पाऊल पडलं. पाचवंही. सहाव्याला ऋजुता डगमगली, गुडघे वाकवून, हनुवटी छातीला लावून रेघेशेजारच्या गादीवर लोळली आणि हसत उठून बसली. अवनी ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

भिंतीशी बसलेली आठ वर्षांची केतकी हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. ती उठून बाईंसमोर आली आणि कमरेच्या पट्ट्याची कडी सोडवू लागली.

"बाई," तिनं विचारलं, "मला कधी शिकवणार?"