सातचा भागाकार

यादगार नावाच्या लेखनिकाच्या उशीत तो कागद सापडला आणि अख्ख्या मदरशाने त्याला चोर ठरवून टाकलं. दुपारच्या नमाजानंतर दाढी भादरून, गाढवावर उलटं बसवून इस्फहानच्या बाजारातून त्याची धिंड निघायची होती. हुकमावर शिक्का काझींचे नायब मीर नजफ यांचा.

कागदावर मित्रसंख्यांची जोडी होती. स्वतःला सोडून एकीच्या भाजकांची बेरीज केली की दुसरी मिळते, दुसरीच्या भाजकांची केली की पहिली. हीच जोडी उस्ताद हातम यांनी आठवड्यापूर्वी आपली म्हणून सादर केली होती. त्यातली मोठी संख्या ९४३७०५६; ती त्यांनी १२८ गुणिले ७२७३७ अशी मांडली होती. नजफने रिवाजाप्रमाणे या गुणाकाराच्या दोन्ही बाजूंचे अंक मिळवून नऊचा पडताळा घेतला होता. जुळला, म्हणून त्याने शिक्का मारला होता.

यादगारच्या कागदावर मात्र ७३७२७ होतं.

"चोराला धड नक्कलही जमली नाही!" उस्ताद खदखदून हसले होते.

कबुलीवर अंगठा घ्यायला नजफ कोठडीत गेला.

"हा आकडा कुठून आणलास?"

"मीच काढला, साहेब. त्याला कशानेच भाग जात नाही, त्यावरच सगळं उभं आहे. सात, अकरा, तेरा करत दोनशे एकाहत्तरपर्यंत भागून पाहिलं. मग कागद उस्तादांना दाखवायला नेला."

"सातने बाकी किती?"

"तीन."

नजफने तिथेच धुळीत बोटाने भागाकार केला. बाकी तीन. मग उस्तादांचा आकडा भागला आणि अंगठा न घेताच तो उठला.

दिवाणखान्यात सगळे जमले होते. दाराशी न्हावी वस्तरा परजत होता.

"उस्ताद, तुमच्या ७२७३७ ला भाग जात नाही, हे तपासलंत?"

"एकेका संख्येने! मला शिकवतोस, नजफ?"

"सातने?"

"पहिल्यांदा सातनेच. बाकी उरते."

"नाही उरत. सात गुणिले दहा हजार तीनशे एक्याण्णव, बरोबर ७२७३७." नजफची नजर वर होईना. "भागणाऱ्याला हे पहिल्याच पायरीला कळलं असतं. तुम्ही भागलंच नाहीत. यादगारचा कागद उतरवून घेतलात आणि तीन नि दोनची अदलाबदल झाली. अंक तेच, बेरीज तीच, म्हणून नऊचा पडताळा जुळला. १२८ ने गुणून पाहिलं असतं तरी कळलं असतं, उत्तर ९४३७०५६ येत नाही. तुम्ही गुणलं नाहीत. मीही नाही."

उस्तादांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "सत्तरी उलटली रे. माझ्या नावावर काहीच नव्हतं."

यादगारला कोठडीतून सोडवून आणलं. नजफने त्याचे हात धरले. "मला माफ कर. लाज वाटते मला."

"माझा कागद द्या, साहेब," यादगार एवढंच म्हणाला. कागदाची घडी करून तो निघून गेला.

गाढव दाराशी तसंच उभं होतं. नजफने स्वतः त्याची दोरी धरली आणि भर बाजारातून ते मालकाकडे चालवत नेलं.

"कोणाची धिंड होती, नायबसाहेब?" अत्तरवाल्याने हसत विचारलं.

"माझी," नजफ म्हणाला.