उजवा पंख

विमानाचं खोकं बन्सी ओव्हाळने उघडलं ते नबीलाल गेल्यावर चाळिसावा उरकला त्याच्या दुसऱ्या दुपारी, मार्च नव्याण्णवमध्ये. दौंडच्या लोको शेडमध्ये दोघांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. शाळेच्या छंदवर्गात लागलेलं बाल्सा लाकडाच्या विमानांचं वेड निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. काड्या, टिश्यू कागद, पिळायचं रबर, पुढं पंखा. उडालं तर मिनिटभर उडायचं, पण तेवढ्यासाठी दोघं महिना घालवायचे.

वाटणी ठरलेली होती. जुन्या खोक्यांत नकाशा एकाच पंखाचा येतो, डाव्याचा. तो बन्सीचा. मग नबीलाल नकाशाला खोबरेल तेल चोळायचा, कागद आरपार दिसू लागला की उलटा करायचा आणि त्याच रेघांवर उजवा जोडायचा. उजव्याला बन्सीने कधी हात लावला नव्हता.

हे खोकं नबीलालच्या स्कूटरच्या डिकीत सापडलं. शिरूरहून येताना दिवेलागणीला तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. तो कुणाच्याच ट्रॉलीला नसतो, दर हंगामाला माणसं मरतात, आणि पंचनाम्यात वेग मात्र मेलेल्याचाच जास्त भरतो. खोक्यावर ओरखडाही नव्हता.

भिंतीपलीकडे राहणारी त्याची बायको अकिला एकच म्हणत होती, म्हातारपणी पोरखेळापायी जीव घालवला. बन्सी खाली मान घालून ऐकायचा. खोकं आणायला त्यानेच धाडलं होतं. नबीलालच्या अंगात कणकण होती, तो नको म्हणत होता. बन्सीने त्याला भेकड म्हणून डिवचलं. अकिलाला हे ठाऊक नव्हतं. विमान पुरं करून तिच्या हातात द्यायचं आणि तेव्हाच सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

चार दिवसांत डावा पंख झाला. आणखी चार दिवसांनी दुसरा. शेजारी ठेवून पाहिले आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. दोन्ही डावेच. पंख वरून फुगीर, खालून सपाट असतो; पालथा घालून चालत नाही. नकाशा उलटा करायचाच राहून गेला होता. खोक्यात फक्त शेपटीपुरत्या काड्या उरल्या होत्या. दाराला कुलूप घालून तो सकाळच्या एसटीने शिरूरला गेला. तसलं लाकूड कुठंच मिळालं नाही.

दोनला परत येऊन त्याने कुलूप काढलं, तर खोलीत खोबरेल तेलाचा वास. ताजा, दाट. बाहेर मालगाडीचं शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते. मग तेही थांबलं.

फळीवर नकाशा उलटा पसरला होता, तेलाने ओला. त्यात टाचण्या. टाचण्यांच्या मधे पंख.

उजवा.

बन्सीने बोट लावलं... गोंद अजून ओला होता. दुसरा डावा पंख त्याने खाटेखाली, कपाटात, सगळीकडे शोधला. तो कुठंच नव्हता.

अकिला चहाचा कप घेऊन दारात आली, तेव्हा तो स्टुलावर बसून होता. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"भाभी, नबी आपणहून गेला न्हवता. मी धाडलं त्याला. भेकड म्हणलो... म्हणून गेला."

तिने कप फळीच्या कडेला ठेवला. ती चिडली नाही, रडली नाही.

"ठावं हाय मला, बन्सीभाऊ. आज सकाळी सांगितलं त्यांनी."

"कुणी?"

"त्यांनीच. तेलाची बाटली मागाया आले व्हते." ओढणीला हात पुसत ती रोजच्यासारखंच बोलत होती. "राग न्हाई म्हणाले तुमच्यावर. फकस्त शेपटीला हात लावू नका, ती बी तेच सोता जोडणार हायती..."

बन्सीने फळीवरच्या उजव्या पंखाकडे पाहिलं.

"आन् उडवायला तुम्हाला संगं न्यायचं म्हणत व्हते," अकिला म्हणाली. "दिवेलागणीला... शिरूर रोडला."