पालथं होडकं

विशेष काही नाही, होडक्याचा तळ खरवडायचा होता. शाळा सोडलीस, आता काहीतरी शीक, म्हणून आमच्या बेक्वे बेटावरचे म्हातारे कानीकपाळी ओरडत. शिकवायला मात्र एकही पुढे येत नसे.

मारामारीत मोडलेला माझा डावा हात गळ्यात होता, म्हणून इव्हानदादा एकटाच ‘लिओनी’ घेऊन मासेमारीला गेलेला. ती नाव बाबांनी बांधली, तेव्हा उरलेल्या लाकडातून हातभर लांबीचं हे होडकं कोरलं, दुसरी लिओनीच. त्या कामात करवतीनं त्यांचा अंगठा नेला. पुढे बाबाही गेले. फळीवर ही उरली.

भर दुपार. वारा पडलेला. निळा रंग कालवून ठेवला आणि बरबटलेल्या हातानं होडकं मांडीवर पालथं घातलं.

दारातून ऑस्बर्टमामा खेकसला, “खरवडायच्या आधी रंग? वा रे कारागीर!” मग त्याचा आवाज बसला. “पालथं... घातलंस? दादा समुद्रात असताना?”

“मग तळ काय आरशात बघून खरवडू?”

“नाव पाण्यात असली की तिचं होडकं पालथं घालत नाहीत रे...”

“हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं?”

मांडीला गार लागलं. वर्षानुवर्षं वाळलेल्या लाकडातून पाणी ठिबकत होतं. खारं. कुजक्या शेवाळाचा वास...

मी होडकं सुलटं करायला गेलो. हलेना. हातभर लाकूड, पण जणू अख्खा समुद्र वर बसलेला. मामा दारातच देवाचं नाव घेत उभा. हात लावेल तर शपथ. “दादा...” मी ओरडलो. अचानक पलीकडची बाजू हलकी झाली, कुणी उचलून धरल्यासारखी. होडकं सुलटं झालं.

सूर्य बुडता बुडता दादा आला. चिंब, पण धडधाकट. मी त्याला मिठीच मारली.

“रडतोस काय, मेलो नाही अजून!” तो हसला. मग हळूच म्हणाला, “समुद्र काचेसारखा होता रे. तरी उलटली. मी खाली अडकलो... आणि आपोआप सुलटी झाली.”

मी हसतच सुटलो. मामाला शिव्या घातल्या, वाळूत लोळलो. मग उठून नावेपाशी गेलो.

एका कुशीवर निळ्या बोटांचे पाच ठसे, एकेक ताटाएवढा. माझेच.

वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो. तिथंही ठसे होते. रंग अजून ओला.

चारच. अंगठा नव्हता.