सात तिच्या, सात त्याच्या

“ही पट्टी मधोमध कापलीय. सात गोळ्या इथे आहेत, बाकीच्या सात कुठे गेल्या?”

सासूबाईंनी पट्टी शिलाई मशीनवर आपटली आणि सुनेचा पाय पायडलवरच थांबला. गणवेशांचा ढीग साचला होता, पण गेले चार दिवस ती दर दहा मिनिटांनी उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती... ओटीपोटातली ती कळ, अंगातली ती आग कोणाला सांगायची?

“पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेस, तरी मी गप्प होते. पण माझ्या घरात राहून औषध कोणाबरोबर वाटून खातेस? एक रोग आणलास, तो नऊ वर्षं सोसतेय. आता हा दुसरा?”

कापायच्या टेबलाशी नवरा उभा होता. हातात खडू, नजर कापडात. नऊ वर्षांपूर्वी दोघांच्याही रक्तात एचआयव्ही सापडला, तेव्हा हाच माणूस तिच्या पावलांवर डोकं ठेवून रडला होता... आईला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही! आणि सासूने “तूच आणलंस ना?” असं विचारल्यावर तिने, वेडीने, मान खाली घातली होती. तेव्हापासून ती कलंकिनी, आणि तो आईचा गुणी लेक, एचआयव्हीच्या गोळ्या बटणांच्या डब्यात लपवून ठेवणारा.

“सांडल्या, आई.”

“सांडल्या म्हणे. मोती होते का? चल दवाखान्यात. त्या नर्सलाच विचारते.”

नर्स तिला ओळखत होती. “तिसऱ्यांदा आलीस? चौदा दिवस घे म्हटलं होतं ना?” मग सासूकडे पाहून हळूच विचारलं, “यांच्यासमोर बोलू?”

तिने मान हलवली. लपवायला आता बळच उरलं नव्हतं.

“निम्म्या मला ठेवल्या. निम्म्या त्याला दिल्या. तो इथे यायलाच तयार नव्हता... वाटलं, दोघांना सात-सात पुरतील.”

“कापड आहे का हे, दोघांत बेतायला? अर्ध्या औषधाने कोणाचाच संसर्ग जात नाही, आणि संबंध आला की तो पुन्हा तुझ्याकडेच येतो. एचआयव्ही असलेल्या बाईला हे फार जड जातं गं. तुझ्यासारख्या किती जणी येतात, माणसाला झाकतात आणि स्वतः कुजतात. त्याला घेऊन ये.”

“तो कोण?” सासूबाईंनी विचारलं.

तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

“मी, आई.” दारात नवरा उभा होता. मागोमाग आला होता, हातावर अजून खडूची पूड. “हे मीच दिलं तिला. आणि नऊ वर्षांपूर्वीचं, तेही मीच.”

सुनेला वाटलं होतं, हा क्षण आला की अंतःकरण शांत होईल. पण कसलं काय, ती नुसती पदराचं टोक पिळत खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली.

“तुझ्याशी नंतर बोलते,” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “आधी बाही वर कर. रक्त तपासून घे.” मग सुनेकडे वळल्या, आणि त्यांचा तो धारदार आवाज चिरकला. “इतकी वर्षं घालूनपाडून बोलले तुला. एकदा तरी उलटून बोलायचंस, बये.”

“बोलले असते तर तो तुमच्या मनातून उतरला असता.”

“म्हणून तू उतरलीस?”

तिचे डोळे भरून वाहू लागले. सासूबाईंनी ते पुसायला हात पुढे केला, पण ती मागे सरली.

“शिव्या दे मला.”

“नऊ वर्षांच्या साठल्यात, आई. एका दिवसात संपायच्या नाहीत.”

“मग रोज थोड्या दे,” सासूबाई म्हणाल्या. “ऐकायला मी आहे.”